धोंड्याच्या वाणातलं नाणं

माझ्या नवऱ्याला माणसं ओळखता येत नाहीत, नाणी येतात. माझ्या चुलत बहिणीला त्यांनी तीन वेगवेगळ्या लग्नांत "आपण कुठल्या?" म्हणून विचारलंय. पण शंभर वर्षांपूर्वीचा रुपया त्यांच्या तळहातावर ठेवा. तो कुठल्या टाकसाळीतून निघाला, किती वापरला गेला आणि मधल्या काळात कुणी त्याला कडी जोडून गळ्यात घातला होता का, हे सगळं ते भिंग न लावता सांगतात. भिंग लावतात ते समोरच्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून.

पोटापाण्यासाठी कोल्हापूरच्या शाहूपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद असतं आणि आमचं घर उघडं. सकाळी नऊपासून बाहेरच्या खोलीत माणसं येऊन बसतात. रुमालात बांधलेली, तंबाखूच्या डबीत घातलेली, चड्डीच्या चोरखिशात शिवलेली नाणी घेऊन. चहा मी करते, त्यामुळे प्रत्येकाचं नाणं मला ऐकून पाठ असतं.

एकदा गारगोटीहून एकजण देवीचा छाप असलेलं पाच रुपयांचं नाणं घेऊन आला. मोबाइलवर कुणीतरी त्याला सांगितलं होतं की याचे दहा लाख येतात. ह्यांनी नाणं उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "पावणं, ह्याचं पाच रुपयं येतात."

"व्हिडिओत धा लाख म्हणत होता की!"

"मग त्या व्हिडिओवाल्यालाच इका."

दुसरा एकजण तांदूळ ओढणारं नाणं घेऊन आला होता. असलं नाणं जवळ नेलं की तांदळाचे दाणे सरकत येऊन चिकटतात आणि परदेशातले लोक त्याला कोटी कोटी रुपये देतात, असं त्याला कुणीतरी पटवलं होतं. तांदळाची पुडीही त्यानं सोबत आणली होती. नाण्यानं काही दाणा हलवला नाही. तेव्हा तो मलाच म्हणाला, "वैनी, ह्यो तांदूळ रेशनचा हाय म्हणून ओढत न्हाय. घरात चांगला हाय काय?" मी म्हटलं, आजऱ्याचा घनसाळ आहे, माझ्या माहेरचा, पण तो ओढायला नाही, खायला ठेवलाय. गडी चहा पिऊन गेला.

ह्या नाणीवाल्यांची भाषा कळायला मला दोन वर्षं लागली. नाणं टाकसाळीतून निघून कुणाच्या हातातच गेलं नसेल तर त्याचा मान सगळ्यात वर. मग थोडं झिजलेलं, मग बरंच झिजलेलं, असं उतरत उतरत आपण ज्याला सपाट चकती म्हणू तिथपर्यंत. त्या चकतीला हे लोक 'गुड' म्हणतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा तांबडा रस्सा केला तेव्हा हे "व्हेरी गुड" म्हणाले होते. मी हुरळले होते. त्या शब्दाचा ह्यांच्यातला अर्थ समजला त्या दिवशी मी जुना हिशेब म्हणून भांडले.

एवढं सगळं सांगायचं कारण एकच. हा माणूस कुठल्याही गोष्टीत थापा मारू शकतो. दुकानातून निघालो म्हणून फोनवर सांगतात तेव्हा मागे दुकानातला पंखा ऐकू येत असतो. पण नाण्याच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नाही, शरीरालाच सोसत नाही. आणि नेमकं त्याच बाबतीत त्यांची गाठ माझ्या बापाशी पडली.

माझे आबा आजऱ्याचे. भात, थोडे काजू, दोन म्हशी आणि शेजारच्या गल्लीपर्यंत पोचेल असा आवाज. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना, त्यात लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायची रीत आहे. पुरणाचे धोंडे, अनारसे आणि तबकात चांदीचं किंवा तांब्याचं काहीतरी. पहिल्या धोंड्याला आम्हाला चांदीची निरांजनं मिळाली. दुसऱ्यापर्यंत आबांच्या कानावर गेलं होतं की जावयाला जुन्या नाण्यांचा नाद आहे. झालं. आबा स्वतः गडहिंग्लजच्या बाजारात गेले, जमिनीवर कापड पसरून जुन्या वस्तू विकणाऱ्या एका माणसाकडून राणीच्या छापाचा रुपया घेतला आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांदेखत ह्यांच्या हातावर ठेवला.

"पावणं, भांडी काय, कोन पन देतंय. ह्ये घ्या!"

ह्यांनी नाण्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एवढंच केलं. आणि जेवणात केस निघाल्यावर होतं तसं त्यांचं तोंड झालं. मी समोरच बसले होते. मी डोळे असे वटारले की माझी मलाच कपाळावर शीर जाणवली.

"कसं हाय?" आबांनी विचारलं.

ह्यांनी नाणं पुन्हा उलटं केलं. मग म्हणाले, "मामा, असलं नाणं माझ्याकडं आजपतूर एकबी न्हवतं."

आबा फुगले. आईनं पदरानं डोळे टिपले. परतीच्या वाटेवर ह्यांनी मला सांगितलं की ते नाणं छापलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे. कडेला सांधा स्पष्ट लागतोय आणि चांदी त्यात औषधालाही नाही. मी म्हटलं, "माझ्या बापापुढं यातला एक शब्द काढलात तर घरात पांढरा रस्सा पुन्हा शिजणार नाही." त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

पण आबा एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. पुढच्या धोंड्याला दुसरं नाणं, त्याच्या पुढच्या धोंड्याला तिसरं. सगळी त्याच बाजारातल्या त्याच माणसाकडून, कारण आता तो आबांना 'मालक' म्हणायला लागला होता. आणि दर वेळी माझे यजमान घाम पुसत खरं तेच बोलायचे. "मामा, ह्याच्या जोडीचं मिळायचं न्हाई." "मामा, करणाऱ्यानं लई कष्ट घेतल्यात बगा." एकदा तर म्हणाले, "टाकसाळीत जाऊन हुडकलं तरी असलं सापडायचं न्हाय." आबा हे सगळं अख्ख्या आजऱ्यात जसंच्या तसं सांगायचे. त्यांचे भावकीतले दोघंजण होते, रोज संध्याकाळी आबांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसणारे. त्यांना तर ती नाणी न बघताच तोंडपाठ झाली होती. आबांना जगात कशाची मिजास होती म्हणाल तर तीच. आमच्या घरात मात्र ती नाणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पडून होती.

मग ते प्रदर्शन आलं.

कोल्हापुरात नाणीवाल्यांचं एक मंडळ आहे. गेल्या थंडीत त्यांनी दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात प्रदर्शन भरवलं. मी आईला फोनवर सहज सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. पण तो मला नंतर कळला. प्रदर्शनाच्या दिवशी मी इरकल नेसून, केसात गजरा माळून ऐटीत गेले. काचेच्या पेट्यांतली नाणी बघत माणसं शिस्तीत फिरत होती. गर्दी मात्र एकाच टेबलाजवळ होती. तिथे मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'नकली नाणी ओळखा! हात लावून पाहा.' दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक, एक वजनकाटा आणि पांढऱ्या कापडावर मांडलेली आमची श्रीखंडाच्या डब्यातली बिऱ्हाडं. टेबलामागे माझा नवरा.

"अहो! ही आबांची?"

"अगं, इतकी नमुनेदार दुसरीकडं कुठं मिळणार?" ते अगदी निरागसपणे म्हणाले. "एक ओतीव, एक मुलामा दिलेलं, एकावरची अक्षरंच चुकलेली. लोक किती शिकतायत बघ."

"आणि आबांना कळलं तर?"

"ते आजऱ्यात आहेत. त्यांना कोण सांगतंय?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारातून आवाज आला. सभागृहातल्या सगळ्या माणसांनी माना वळवल्या. "कुठं हाईत आमचं पावणं?" पांढरं धोतर, कडक टोपी आणि मागे भावकीतले ते दोघे. पहाटेच्या एसटीनं आले होते.

मी आयुष्यात इतक्या चपळाईनं काही केलं नसेल. ती पाटी मी उचलली आणि उलटी करून भिंतीला टेकवली, वर माझी पर्स अडकवली. आबा गर्दीत घुसले. आपली नाणी त्यांनी लांबूनच ओळखली. "ह्ये बगा! ह्ये माझं! धोंड्याला दिल्यालं!" ते मोठ्यानं म्हणाले. "बाकीच्या टेबलास्नी कुत्रं इचारंना, आनि हितं बगा गर्दी!" दोघा सोबत्यांनी माना डोलावल्या. टेबलाभोवतीच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं.

सोबत्यांपैकी एकानं दोरीचं चुंबक उचललं. "ह्ये रं काय?" असं म्हणत त्यानं ते हलवलं, आणि राणीचा रुपया टक्कन उडी मारून त्याला चिकटला. त्यानं तो सोडवला. दुसऱ्या नाण्याजवळ नेलं. टक्. कुणीतरी खुदकन हसलं.

"अरं, तुजं नानं लोकंडाचं हाय की!" सोबती म्हणाला. आमच्याकडची माणसं अशी आहेत, पोटात ठेवायची पद्धतच नाही.

आबांनी त्याच्या हातातलं चुंबक घेतलं आणि स्वतःच तिसऱ्या नाण्यावर धरलं. ते हललं नाही. आबांच्या तोंडावर जरा रंग आला. त्यांनी गर्दीकडे बघितलं, "बगा" म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडून निसटलं, "ते शिशाचं आहे, मामा."

मी त्या क्षणी त्यांना कच्चं खाल्लं असतं. पण खरं सांगते, त्यांचा इलाज नव्हता. शिंक येते तसं ते आलं.

आबांनी चुंबक खाली ठेवलं. "पावणं, ह्ये तुमाला कवापासनं म्हाईत?"

"पहिल्या दिवसापासनं."

"आनि बोलला न्हाईसा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आबांनीही बघितलं. मी म्हटलं, "मीच गप बसवलं त्यास्नी, आबा." आबांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि निघाले. मी मागे धावत गेले, जेवून तरी जावा म्हटलं, मटण शिजवून ठेवलंय म्हटलं. ते म्हणाले, "भूक न्हाय." आजऱ्याहून पहाटे निघालेला माणूस कोल्हापुरात येऊन मटणाला भूक नाही म्हणतो, यावरून काय ते मी ओळखलं. त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही आणि जेवायला वाढलं ते ताट आपटून.

पुढे पाचसहा महिने आबांचा फोन आला नाही. आईचा यायचा, आणि ती हळू आवाजात बातम्या द्यायची. आबांनी बाजारातून एक चुंबक विकत आणलं होतं. ते कोपरीच्या खिशात घालून हिंडायचे आणि दिसेल त्याला लावून बघायचे. भांडीवाल्याची स्टीलची ताटं, देवळातली घंटा, शेजाऱ्याच्या सुनेच्या पाटल्या. पाटल्यांवरून भांडण झालं. गडहिंग्लजच्या त्या नाणीवाल्यालाही त्यांनी गाठलं होतं. तो गडी बिचकला नाही. म्हणाला, "मालक, पटत नसंल तर निम्म्या किमतीत परत घेतो." आबा म्हणे तिथे खाली बसूनच राहिले. सोप्यातल्या संध्याकाळच्या बैठकीत आता नाण्याचा विषय निघत नव्हता. निघाला तर कुणीतरी हसायचं आणि आबा उठून गोठ्यात जायचे.

"त्येंला एवडंच लागून ऱ्हायलंय," आई म्हणाली, "की एकदा तरी पावण्यानं चारचौघांत म्हनावं, मामा, ह्ये खरं हाय."

यंदा धोंडा ऐन उन्हाळ्यात आला. आबा बोलावतील की नाही याची मला धास्ती होती. बोलावलं, पण निरोप आईकरवी. वर एक अट होती. आबांनी सांगितलं होतं की वाणात नाणंच देणार आणि पावण्यानं त्याची पारख तिथल्या तिथे करायची. बायकोच्या डोळ्यांकडे बघून बोलायचं नाही. गुळमुळीत बोलले तर पुन्हा या घरात धोंडा होणार नाही. मी ह्यांना विचारलं, काय करणार? ते म्हणाले, "नाणं काय असेल ते बोलेन. या वेळी डोळे वटारू नकोस, उपयोग नाही." मी देवाला हात जोडले. देवाला म्हटलं, तुझं काही जात नाही, एवढं एक नाणं खरं निघू दे.

आम्ही पोचलो तेव्हा सोप्यात भावकीतले ते दोघे आधीच येऊन बसले होते. निकाल ऐकायला. आत स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत पाट मांडले होते, रांगोळी घातली होती. धोंडे झाले, तूप झालं. आबा ह्यांच्या समोर मांडी घालून बसले होते आणि त्यांचा उजवा हात कोपरीच्या खिशात होता.

आई तबक घेऊन आली. निरांजन, अनारसे, आणि मधोमध विड्याच्या पानावर एक रुपया. असा चमकत होता की निरांजनाचा उजेड त्याच्यावरून छतावर पडला होता.

ती चमक बघूनच मला कळलं. इतकी वर्षं मी चहा करत जे ऐकत आले त्यातली पहिली गोष्ट ही, की जुन्या चांदीवर जो काळपट थर चढतो तो मळ नव्हे. ती नाण्याची साय. नाणं काळं असलं तरी चालतं, मळकं असलं तरी चालतं, पण घासलं की मेलं. घासल्यावर अंगभर बारीक ओरखडे उठतात आणि ते पुन्हा कधी जात नाहीत. टूथपेस्टनं घासलेलं नाणं घेऊन कुणी आलं की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात, त्यांना बघवत नाही.

आबांनी आधी खिशातलं चुंबक काढलं आणि नाण्यावर धरलं. नाणं जागचं हललं नाही. "शिशाचं पन न्हाय," ते म्हणाले. "वाजवून बगितलंय. घ्या."

नाणं कुठून आलं ते आईनंच मला नंतर सांगितलं, पण इथेच सांगते. ते तिचं होतं. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी ओटीत घातलेला रुपया. तिच्या कुंकवाच्या करंड्याखाली फडक्यात बांधून इतकी वर्षं राहिला आणि काळाठिक्कर पडला. आबांनी मागितला नव्हता. त्यांना तो आठवतही नव्हता. आबा गोठ्यात जाऊन बसतात हे तिला बघवेना म्हणून तिनंच काढून त्यांच्या हातावर ठेवला. आणि वाणात द्यायचा तर असा काळा कसा द्यायचा, म्हणून तिनंच तो दोन दिवस घासला.

ह्यांनी नाणं उचललं. काठ बघितला. बोटाच्या टोकावर तोलून नखानं टिचकी मारली, तो आवाज ऐकला. मग खिशातून भिंग काढलं आणि दाराच्या उजेडात जाऊन उभे राहिले. भिंग पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं. राजाच्या झग्यावर जिथे बारीक हत्ती असतो तिथे ते खूप वेळ बघत राहिले. तो हत्ती मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळीतल्या लोकांनी असा काही कोरला होता की तो डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी ओरड केली, सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला आणि पुढच्या वर्षी सोंड लांब करावी लागली. म्हणून त्या एका वर्षीचा रुपया सगळे शोधत असतात. आमच्याकडे तो नव्हता. ह्यांनी त्याच्यासाठी पुण्या-मुंबईच्या लिलावांतून हात हलवत परत आल्याचे प्रसंग मला सांगितलेले आहेत.

"मामा," हे म्हणाले, "खरं हाय."

आबांनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. "परत बोला."

"खरं हाय. साध्यातलं पन न्हाय. मी वीस वर्सं हेच हुडकतोय."

आबा काय हसले! लहान पोराला जत्रेत पिपाणी मिळाल्यासारखे हसले. बाहेर सोप्यात ऐकू जावं म्हणून त्यांनी छाती भरून घेतली. पण त्याआधी त्यांना एक हौस राहिली होती. "आता किंमत सांगा," ते म्हणाले. "सगळं सांगा, काय झाकू नगा."

आणि माझ्या नवऱ्यानं सगळं सांगितलं. दुसरं त्यांना येतच नाही. म्हणाले, "घासलं नसतं मामा, तर आमच्या दुकानातला पाच हॉर्सपॉवरचा नवा पंप आला असता."

"आनि आता?"

"आता त्याच पंपाच्या पाइपाला खाली लावायचा फुटवाल येईल."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या हाताची बोटं चिंचेनं आणि राखेनं चिरली होती, ते मला तेव्हा दिसलं. "म्हंजी?" ती म्हणाली. "मी दोन दीस घासत बसलो. कोपऱ्यातलं काळं जाईना, म्हणून तारंची घासनी घेतली. ते... ते ऱ्हाऊ द्यायचं असतंय व्हय?" हे भिंग हातात धरून उभेच राहिले. आईनं तबकाकडे बघितलं, मग आबांकडे. "माझ्या अण्णांनी दिल्यालं," एवढंच म्हणाली आणि आत चुलीकडे गेली. पाठमोरी बसली. तिचे खांदे हलत होते.

आबांना राग पटकन येतो. त्यांचं तोंड लाल झालं, ओरडायला मान ताठ झाली, मी मनात म्हटलं आता हा माणूस तिला एक शब्द बोलला तर मी बाप म्हणून बघणार नाही. बाहेरून त्याच वेळी भावकीतल्यानं हाक मारली, "काय निगालं रं? खरं का खोटं?"

सहा महिने जे ऐकायला ते तडफडत होते, ते आबांच्या हातात आलं होतं. नुसतं दार उघडून सांगायचं होतं. ते उठले, आईच्या पाठीकडे बघत जरासे थांबले, आणि मग पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ह्या पावण्याला नाण्यातलं काय बी कळत न्हाय! म्हनं घासल्यानं किंमत जाती! चांदी घासली की लखलखती का न्हाय? लखलखल्यावर किंमत वाडंल का कमी हुईल? ह्याचं समदं भिंग आनि काटं नुसतं सोंग हाय! त्यो खरं म्हनतोय ते बी खरं न्हाय आनि खोटं म्हनतोय ते बी खोटं न्हाय!"

सोप्यात हशा पिकला. कुणीतरी मांडीवर थाप मारल्याचा आवाज आला. आबा खाली मान घालून उभे होते. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात जावयापुढे कधी न जोडलेले हात होते.

शेकडो माणसांना त्यांचं नाणं खोटं आहे हे तोंडावर सांगणारा माझा नवरा. प्रदर्शनात सासऱ्याची अब्रू जात असताना शिसं ते शिसंच म्हणणारा. त्यांनी भिंग मिटून खिशात घातलं. चुलीजवळ गेले, आईच्या शेजारी उकिडवे बसले आणि सोप्यातही ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय मामी. मला कळत न्हाय. माझी चूक झाली. ह्ये नाणं असंच पाहिजे."

मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं, गॅसची चूल असली तरी.

आईनं पदरानं नाक पुसलं. ह्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, खरं बोलतायत ना म्हणून. मग ताटातला एक धोंडा उचलून, वर तूप ओतून ह्यांच्या हातावर ठेवला आणि जरा दरडावून म्हणाली, "एवडी वर्सं नाणी बगतायसा पावणं, कुनाकडनं तरी जरा शिकून घ्या की."